पणजी आणि तिची खाडी अवकाशातून: चित्र वाचायचं कसं?

आमच्या गल्लीतले एक दादा रोज पहाटे बेळगावहून भाजीचा टेम्पो घेऊन चोर्ला घाटातून गोव्याला जातात. परवा संध्याकाळी त्यांनी मोबाईल पुढे धरला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही भूगोल शिकवता न्हवं, हे खरं काय बघा की." पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी होती. दोन्ही पणजीची, दोन्ही उपग्रहाची. डावीकडच्या चित्रात मांडवीच्या मुखाशी पाणी निळंशार, उजवीकडच्यात तांबूस. डावीकडे मिरामारची वाळू चिंचोळी, उजवीकडे चांगली रुंद. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'म्हादई आटली, खाडी मेली. सगळ्यांना पाठवा.'

त्या रात्री मी ती दोन्ही चित्रं मूळ ठिकाणी शोधून काढली. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रं कुणालाही फुकट पाहता येतात. जागा आणि तारीख टाकली की उघडतात. चित्रांत कुणी हात घातलेला नव्हता. पाणी खरंच तांबूस होतं, वाळू खरंच रुंद दिसत होती. चुकलं होतं ते वाचणं. म्हादईचं पाणी मलप्रभेकडे वळवायच्या कळसा-भांडुऱ्याच्या योजनेचा वाद आपल्या दारात आहे, त्यामुळे अशी चित्रं आपल्या मोबाईलवर यापुढेही येत राहणार. म्हणून एकदा बसून सगळं मुळापासून सांगावं असं वाटलं.

## पणजीचं चित्र आपण का पाहायचं?

कारण त्यात आपलंच पाणी आहे. म्हादई आपल्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात देगावच्या परिसरात उगम पावते. गोव्यात तिला मांडवी म्हणतात. ऐंशी किलोमीटरच्या आसपास वाहून ती पणजीसमोर आग्वादच्या उपसागरात समुद्राला मिळते. वरून पाहिलं तर हा उपसागर पश्चिमेकडे तोंड उघडलेल्या नरसाळ्यासारखा दिसतो. उत्तरेच्या टोकावर आग्वादचा किल्ला, पोर्तुगिजांनी १६१२ मध्ये बांधलेला. दक्षिणेला काबोचं टोक. दोघांच्या मध्ये तीन किलोमीटरच्या आसपास पाणी. पणजी शहर नदीच्या दक्षिण काठावर, आणि शहर जिथं समुद्राकडे वळतं तिथं मिरामारची वाळू. मुखापासून आत गेलं की चोडण आणि दिवाडी ही बेटं लागतात, आणि पुढे मांडवीला दक्षिणेच्या झुआरीशी जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा.

आमच्या शाळेत कणकुंबीकडची मुलं आहेत. त्यांना मी सांगते, तुमच्या गावाच्या एका अंगाला पडलेला पाऊस मलप्रभेतून कृष्णेत जातो आणि थेट बंगालच्या उपसागरात पोचतो. दुसऱ्या अंगाला पडलेला म्हादईतून पणजीला जातो. एकाच कौलाच्या दोन पाखांसारखं आहे ते.

बेळगाव ते पणजी सरळ रेषेत अंतर ८० किलोमीटरच्या जवळपास भरतं. सेंटिनेल-२ एका फेरीत २९० किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपतो. म्हणजे कणकुंबीचं रान, घाट आणि मांडवीचं मुख हे सगळं एकाच चित्रात मावतं. ज्या डोंगरावरून माती निघाली तो डोंगर आणि ती माती जिथं पोचली तो समुद्र एकाच कागदावर पाहता येणं, ही मला उपग्रहाची सगळ्यात मोठी देणगी वाटते.

## वरून म्हणजे किती वरून?

येळ्ळूरच्या राजहंसगडावर चढलं की बेळगाव पायाखाली पसरलेलं दिसतं. जेवढं वर जावं तेवढा मुलूख जास्त दिसतो, पण प्रत्येक वस्तू लहान होत जाते. उपग्रहाचा सगळा हिशोब या दोन गोष्टींच्या ओढाताणीत आहे.

पृथ्वीला एक मोठा नारळ समजा, सोलल्यावर १२ सेंटिमीटर जाडीचा. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक ४०० किलोमीटरच्या आसपास फिरतं. ते या नारळापासून चार मिलिमीटरही दूर नाही. सेंटिनेल-२ ची उंची ७८६ किलोमीटर, म्हणजे नारळापासून सात-साडेसात मिलिमीटर. बोटाच्या जाडीएवढंही नाही. टीव्हीवर ढगांची चित्रं दाखवतात ते आपले इन्सॅट उपग्रह मात्र ३५,७८६ किलोमीटरवर आहेत. नारळापासून दीड वीत लांब.

२०२५ च्या जून-जुलैत शुभांशु शुक्ला अवकाश स्थानकावर होते, तेव्हा मुलांनी मला विचारलं होतं की त्यांना गोवा नुसत्या डोळ्यांनी दिसत असेल का. हिशोब करून पाहू. चांगल्या डोळ्याला ४०० किलोमीटरवरून शंभर-सव्वाशे मीटरची वस्तू जेमतेम वेगळी ओळखता येते. मांडवीचं मुख त्यापेक्षा कितीतरी रुंद आहे. स्थानक नेमकं डोक्यावर असेल तर तिथून ते मुख साधारण तेवढंच रुंद दिसेल, जेवढा आपल्याला अंगणातून पुनवेचा चंद्र दिसतो. आणि बेळगावावरून पणजीवर जायला स्थानकाला अकरा सेकंद लागतात. दादांच्या टेम्पोला तीन तास.

अर्थात त्यासाठी आभाळ मोकळं हवं. ते दिवस आषाढातले होते, आणि आषाढात घाटावर काय असतं हे आपल्याला कुणी सांगायला नको. ढगांकडे पुढे येतेच.

## फोटो म्हणू नका, विणकाम म्हणा

आपण फोटो काढतो तेव्हा सगळं दृश्य एका क्षणात आत येतं. हे उपग्रह तसं करत नाहीत. त्यांची रीत वडगाव-शहापूरच्या मागावर जाऊन उभं राहिलं तर लगेच कळेल.

मागावर साडी एकदम तयार होत नाही. ताणा लावलेला असतो, त्यातून बाण्याचा एक आडवा धागा जातो, मग दुसरा, मग तिसरा, आणि कापड पुढे पुढे सरकत वाढत जातं. उपग्रहात प्रकाश मोजणाऱ्या बारीक घटकांची एक लांब आडवी ओळ असते. अमेरिकेच्या लँडसॅट-८ मध्ये दर रंगामागे असे सात हजारांच्या आसपास घटक आहेत. ही ओळ एका क्षणी जमिनीची एकच अरुंद आडवी पट्टी मोजते. तेवढ्यात उपग्रह पुढे सरकतो आणि पुढची पट्टी मोजली जाते. धाग्याला धागा लागत चित्र विणलं जातं. ताणा आणि बाणा जिथं एकमेकांना छेदतात, तो चित्राचा एक ठिपका. संगणकवाले त्याला पिक्सेल म्हणतात. मी ठिपकाच म्हणेन.

जुन्या लँडसॅटमध्ये तर आरसा धोट्यासारखा इकडून तिकडे फिरायचा. लँडसॅट-७ मधला या हालचालीची तिरकस चूक सुधारणारा भाग २००३ च्या मे महिन्यात बंद पडला. तेव्हापासून त्याच्या चित्रांत कडेकडेनं काळ्या तिरप्या चिरा दिसतात, धागे निसटलेल्या कापडासारख्या. कुणी असं चित्र दाखवून 'इथं काहीतरी लपवलंय' म्हणालं, तर त्यांना ही गोष्ट सांगा.

महत्त्वाचं हे की प्रत्येक ठिपक्यात एक आकडा असतो: तेवढ्या तुकड्यातून किती प्रकाश वर आला त्याचा. उपग्रह मुळात चित्र पाठवत नाही, आकडे पाठवतो. त्या आकड्यांना रंग आपण देतो. हे एकदा मनात ठसलं की पुढचं निम्मं काम सोपं होतं.

## ठिपका केवढा?

एक ठिपका जमिनीवरचा जेवढा तुकडा व्यापतो, तेवढी त्या चित्राची बारकाई. सेंटिनेल-२ चा सगळ्यात बारीक ठिपका १० मीटर गुणिले १० मीटरचा आहे. साधारण एक गुंठा जमीन. लँडसॅटचा ३० मीटरचा, म्हणजे नऊ गुंठे. आपल्या रिसोर्ससॅटवरचा लिस-४ हा कॅमेरा ५.८ मीटरपर्यंत जातो. आणि दीड वीत लांबून पाहणाऱ्या इन्सॅटचा ठिपका एक किलोमीटरचा. त्याच्यासाठी मांडवीचं मुख म्हणजे जेमतेम तीन ठिपके.

रिव्हर प्रिन्सेस नावाचं जहाज २००० साली कांदोळीच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतलं आणि दशकभराहून अधिक काळ तिथंच पडून होतं. दोनशे मीटरपेक्षा लांब जहाज, लँडसॅटच्या चित्रात मात्र सातएक ठिपक्यांची रेघ. तरी ते ओळखू येतं, कारण काळ्या पाण्यावर ते उजळ दिसतं. भोवतालापेक्षा वेगळी असलेली वस्तू ठिपक्याहून बारीक असली तरी आपला ठसा सोडते. पणजीचा अटल सेतू असाच. सेंटिनेलच्या चित्रात रुंदीला दोनच ठिपके, पण लांब सरळ रेघ असल्यानं डोळा त्याला चुकवत नाही.

## डोळ्यांना न दिसणारा रंग

घरातला टीव्हीचा रिमोट घ्या. त्याच्या पुढच्या टोकावरच्या बारीक दिव्याकडे बघत बटण दाबा. काही दिसणार नाही. आता मोबाईलचा कॅमेरा, शक्यतो पुढचा, त्या दिव्यासमोर धरून पुन्हा बटण दाबा. पडद्यावर जांभळट-पांढरा उजेड लुकलुकताना दिसेल. आमच्या सातवीच्या वर्गात हा प्रयोग केला तेव्हा मुलं तास संपला तरी रिमोट सोडेनात. उजेड आधीही होता, आपल्या डोळ्याला तो दिसत नव्हता एवढंच. तांबड्या रंगाच्या पलीकडच्या या प्रकाशाला अवरक्त म्हणतात.

निसर्गात या अवरक्ताची एक सोय आहे. हिरवं, टवटवीत पान तो भरभरून परत फेकतं. पाणी तो जवळजवळ पूर्ण गिळून टाकतं. त्यामुळे अवरक्त चित्रात जंगल लख्ख उजळ आणि पाणी काळंकुट्ट, दोघांच्या मधली कड सुरीनं कापल्यासारखी. किनारा नेमका कुठून जातो हे ठरवायला यासारखं दुसरं साधन नाही.

पण न दिसणारा रंग कागदावर दाखवायचा कसा? त्याला दुसऱ्या रंगाचे कपडे घालतात. रूढ पद्धत अशी की अवरक्त तांबड्यात दाखवायचं. म्हणून अशा चित्रांत खानापूरचं जंगल लालभडक दिसतं, निपाणीकडचा ऊस लाल, चोडणच्या काठची खारफुटी गडद लाल, आणि पणजी शहर करडं-निळसर. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं जंगलाला आग लागलीय. तिथं जितकं लाल, तितकं हिरवं. आमच्या शाळेत लावलेल्या अशाच एका चित्रापुढे पालकसभेला आलेले एक आजोबा बराच वेळ उभे होते. शेवटी म्हणाले, "एवढं रान जळालं आणि आम्हाला पत्ता नाही?" त्यांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी आपल्या काजूच्या बागेची जागा बरोबर बोटानं दाखवली.

## "पण पाणी तांबूस झालंय, ते तर खरं ना?"

खरं. आता दादांच्या मोबाईलकडे परत येऊ.

दोन काचेचे पेले घ्या. दोन्ही काळ्या कागदावर उन्हात ठेवा. एकात विहिरीचं स्वच्छ पाणी, दुसऱ्यात तेच पाणी आणि चिमूटभर खानापूरची लाल माती, ढवळून. वरून बघा. स्वच्छ पाण्याचा पेला काळपट दिसतो, कारण उजेड आत जातो आणि खालचा काळा कागद तो गिळतो. मातीचा पेला मात्र उजळ तांबूस दिसतो, कारण मातीचे कण उजेड मध्येच अडवून वर परत फेकतात. त्यातही तांबडा जास्त, कारण आपल्या मातीत लोह आहे. खानापूरच्या कौलांना रंग येतो तो याच लोहाचा. उपग्रह पणजीच्या खाडीकडे अगदी असाच वरून बघतो. पाण्यात गाळ जितका जास्त, तितका तांबड्या रंगाचा आकडा मोठा.

यात एक अडचण आहे, ती लपवून चालणार नाही. समुद्रावरून उपग्रहापर्यंत जो प्रकाश पोचतो त्यातला ९० टक्के किंवा त्याहूनही जास्त पाण्यातून आलेलाच नसतो. तो मधल्या हवेनं विखुरलेला असतो. जांबोटीहून दूरचे डोंगर निळसर दिसतात ना, तीच ही हवा. पाण्याची खबर उरलेल्या थोड्या वाट्यात असते. म्हणून हवेचा भाग आधी गणितानं वजा करावा लागतो. तो वजा न करता नुसती चित्रं शेजारी ठेवली, तर धुरकट दिवसाचं पाणी आपोआप गढूळ दिसतं.

आता मुद्द्याचं. दादांच्या मोबाईलवरचं निळं चित्र जानेवारीचं होतं, तांबूस चित्र ऑक्टोबरच्या सुरुवातीचं. पाऊस नुकता सरत आलेला, ओढे-नाले अजून भरलेले, घाटाची माती वाहत असलेली. त्या दिवसांत खाडी तांबूस नसती तरच नवल. आणि म्हादई आटली असती, तर एवढा गाळ घेऊन आलं कोण? तांबूस पाणी म्हणजे नदी वाहते आहे. संदेशात चित्राचा अर्थ नेमका उलटा लावला होता.

"मग हा गाळ आमच्या जंगलतोडीचा की गोव्याच्या खाणींचा?" हा प्रश्न मला एका पालकांनी विचारला, आणि तो रास्त आहे. नुसत्या चित्रावरून त्याचं उत्तर देता येत नाही. ठिपका सांगतो की पाण्यात काहीतरी जास्त आहे. ते कुठून आलं हे सांगत नाही. नदीनं आणलेला गाळ असू शकतो. खाडी उथळ असल्यानं लाटांनी तळातून उसळलेला गाळही असू शकतो. उन्हाळ्याच्या तोंडाला ट्रायकोडेस्मियम नावाच्या, शेवाळासारख्या सूक्ष्म जीवांचं दाट पीक गोव्याच्या समुद्रात येतं, त्याचेही तपकिरी पट्टे वरून दिसतात. म्हणून कुणीतरी होडीतून जाऊन पाण्याचा नमुना घ्यावाच लागतो. १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावल्याला आहे, मांडवी आणि झुआरी या दोन्ही मुखांच्या अगदी मधोमध. तिथले अभ्यासक पाण्यातून आणि वरून अशी दोन्हीकडून माहिती जुळवतात. पाणी किती गढूळ आहे हे पाहायचं एक साधन तर फारच साधं आहे: ताटाएवढी पांढरी चकती दोरीनं पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजायची. इटलीच्या सेक्की या खगोलशास्त्रज्ञानं १८६५ मध्ये ती वापरली, आणि आजही उपग्रहाचा आकडा तिच्याशी ताडून पाहतात.

## पावसाळ्यात उपग्रह काय करतात?

गाळ सगळ्यात जास्त वाहतो जून ते सप्टेंबर, आणि नेमके तेच चार महिने प्रकाशावर चालणारे उपग्रह आंधळे असतात. त्यांना ढगांची पाठ दिसते. ऑक्टोबरच्या सुरुवातीचं चित्र मिळालं तेही ढगांत फट सापडली म्हणून.

इथं रडार कामाला येतं. रडारचा उपग्रह सूर्याच्या उजेडावर अवलंबून नसतो. तो स्वतः रेडिओलहरी सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी मोजतो. सेंटिनेल-१ च्या लहरींची लांबी साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास असते. ढगातले थेंब तिच्यापुढे इतके बारीक की लहर त्यांना न जुमानता आरपार जाते. रात्र असो, चोर्ल्यातलं धुकं असो, फरक पडत नाही. भारताचा ईओएस-०४ हा उपग्रह २०२२ पासून याच रीतीनं पाहतो आहे, आणि ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेला निसार हा भारत-अमेरिकेचा उपग्रहही रडारचाच.

मात्र रडारचं चित्र वाचायला वेगळी नजर लागते. रात्री शांत विहिरीवर बॅटरीचा झोत तिरका मारा. पाणी काळंच राहतं, कारण झोत आरशावरून घसरल्यासारखा पलीकडे जातो. तोच झोत कठड्याच्या खडबडीत दगडांवर मारा, ते उजळतात. रडारमध्ये तसंच: शांत पाणी काळं, लाटा उठल्या की करडं, आणि पणजीच्या इमारती लख्ख पांढऱ्या, कारण रस्ता आणि भिंत मिळून लहर थेट मागे फेकतात. पोलादी जहाज तर काळ्या कापडावर ठेवलेल्या तांदळाच्या दाण्यासारखं चमकतं. पण रडारला गाळाचा रंग कळत नाही. काळं-पांढरं सांगणाऱ्याला लाल-निळं विचारून उपयोग नाही.

## "किनारा सरकलेला दिसतो, तो तर डोळ्यांनी दिसतोय!"

हाच आक्षेप दादांनी घेतला, आणि हीच गोष्ट बहुतेक लोकांना फसवते.

घाटावरच्या माणसाला भरती-ओहोटी मनात येत नाही. आपल्या राकसकोपच्या जलाशयाचं पाणी सकाळी एका ठिकाणी आणि दुपारी दुसऱ्या ठिकाणी नसतं. समुद्राचं असतं. गोव्याच्या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटी यांत पाण्याच्या उंचीचा फरक दोन मीटरपर्यंत जातो. किनाऱ्याचा उतार ५० मीटरला एक मीटर असा सौम्य असेल, तर दोन मीटर पाणी उतरलं की १०० मीटर वाळू उघडी पडते. सेंटिनेलच्या चित्रात तब्बल दहा ठिपके! एका सकाळी झाकलेले, दुपारी उघडे.

आता घड्याळ बघा. हे उपग्रह आपल्यावरून ठरावीक वेळी जातात, सकाळी अकराच्या सुमारास. सावल्या आणि उजेड दर वेळी सारखे असावेत म्हणून त्यांची कक्षा मुद्दाम तशी आखली आहे. पण भरतीची वेळ चंद्राच्या मागे लागून रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. पाच दिवसांनी उपग्रह पुन्हा त्याच वेळी आला, तर तोवर भरती चार तासांहून जास्त सरकलेली असते. मागच्या वेळी त्याला भरलेली खाडी दिसली असेल, तर या वेळी बरीचशी उतरलेली दिसेल. दोन्ही चित्रं खरी, आणि समुद्र हललेला नाही.

दादांच्या दोन तारखांचं भरतीचं वेळापत्रक मी काढून पाहिलं. जानेवारीत उपग्रह आला तेव्हा भरती जवळजवळ पूर्ण होती, ऑक्टोबरच्या दिवशी ओहोटी. वाळू रुंद दिसण्याचं कारण एवढंच.

याचा अर्थ किनारे सरकत नाहीत असा मुळीच नाही. ते सरकतात, काही ठिकाणी जीव कासावीस व्हावा इतके. पण ते सिद्ध करायचं तर अनेक वर्षांतली, एकाच ऋतूतली, भरतीच्या सारख्याच टप्प्यावर घेतलेली चित्रं लागतात. लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ मध्ये अवकाशात गेला, तेव्हापासूनचा साठा २००८ पासून सगळ्यांना फुकट खुला आहे. आपला आयआरएस-१ए १९८८ मध्ये गेला. पन्नास वर्षांची नोंद हाताशी असताना दोनच चित्रं शेजारी ठेवून निकाल देणं म्हणजे पेशंटचा ताप एकदाच बघून आजाराचं नाव सांगणं.

## मग पाणी किती वाहतं, ते तरी कळेल का?

म्हादईच्या वादात सगळं अडतं ते टीएमसीवर. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, आपल्या मापात सुमारे २,८३२ कोटी लिटर. लवादानं ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी दिलं, त्यातलं ३.९ टीएमसी मलप्रभेकडे वळवायला. गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. या आकड्यांची शहानिशा उपग्रहावरून करता येईल का, असं मला शिकलेली माणसंही विचारतात.

रंगीत चित्रावरून येणार नाही. चित्रात पाण्याचा पृष्ठभाग दिसतो. त्याची खोली आणि वेग दिसत नाही, आणि प्रवाह मोजायला दोन्ही लागतात. २०२२ च्या डिसेंबरात सोडलेला स्वॉट नावाचा उपग्रह पाण्याची उंची मोजतो, पण त्याला नदी साधारण १०० मीटर रुंद तरी हवी. कणकुंबीजवळचा कळसा नाला उडी मारून ओलांडता येईल अशा जागा आहेत. तिथं काठावर पट्टी रोवून, माणसानं रोज वाचून ठेवलेली नोंदच कामाची. खाली गोव्यात गांजे इथं केंद्रीय जल आयोगाचं मापन केंद्र आहे. वादाच्या सुनावणीत असल्याच नोंदींना वजन असतं. उपग्रह तिथं साक्षीदार होऊ शकतो, तराजू नाही.

जिथं त्याचा थेट उपयोग होतो ते क्षेत्र वेगळं आहे. समुद्राचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य हे दोन्ही वरून मोजून मासे कुठं जमण्याची शक्यता आहे याचा सल्ला हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मच्छीमारांना देते. ओशनसॅट मालिकेतले आपले उपग्रह, १९९९ पासूनचे, याच कामाला जुंपलेले आहेत. बेळगावच्या बाजारात बर्फातून येणाऱ्या बांगड्यामागे अशी एखादी सूचना असू शकते.

## "आमचं घर कुठं दिसूलाय?"

हा प्रश्न वर्गात दर वर्षी येतो, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा: आत्ता, या क्षणी कुणी वरून बघतंय का?

बारीक बघणारे उपग्रह सतत एका जागी थांबत नाहीत. जे थांबतात, ते दीड वीत दूरचे. त्यांतल्या आपल्या इन्सॅटला एक किलोमीटरखालचं कळत नाही. बाजारात मिळणारी सगळ्यात बारीक चित्रं ३० सेंटिमीटरच्या आसपासच्या ठिपक्यांची असतात. त्यात अंगणातली मोटार ओळखू येते, माणूस एक-दोन ठिपक्यांचा डाग, चेहरा तर नाहीच. मोबाईलच्या नकाशात आपण जे घर पाहतो ते वेगवेगळ्या दिवशीच्या तुकड्यांना जोडून शिवलेली गोधडी असते. शेजारच्या दोन गल्ल्यांत दोन वर्षांचं अंतर असू शकतं. आणि आपल्याकडे आवर्जून विचारला जाणारा प्रश्न, त्यावरची राज्याची हद्द: ती उपग्रहाला दिसत नाही. ती रेघ नंतर संगणकावर टाकलेली असते, त्यामुळे ती कुणाच्या शेतातून जाताना दिसली तर त्यावरून भांडण काढू नये. शेताचा हिशोब भूमापनाच्या नकाशावर होतो.

यंदा हा घराचा प्रश्न विचारणारी मुलगी कणकुंबीकडची होती. सेंटिनेलच्या दहा मीटरच्या ठिपक्यात तिचं कौलारू घर सापडणं कठीण, हे मी तिला आधीच सांगितलं. मग आम्ही जानेवारीचं अवरक्त चित्र उघडलं. चोर्ल्याचा रस्ता शोधला, त्यावरून शाळेचा फाटा, तिथून ओढ्याकाठच्या झाडांची लाल रेघ धरून वर सरकलो. ती म्हणाली, "बाई, थांबा. घरामागं तळं हाय आमचं." लाल रंगात सहा काळे चौकोन एकमेकांना चिकटून होते. तिनं पेन्सिलीच्या टोकानं ते एकेक मोजले, मग शेजारच्या सातव्या, थोड्या करड्या चौकोनावर टोक टेकवलं आणि विचारलं, "हे अर्धं तळं आणि अर्धं आमचं अंगण असंल न्हवं?"

असंच होतं ते.